जोडीच्या तारेशेजारचा पंखा

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत एक चाचा तानपुरे बनवतात. नाव छापलेलं त्यांना आवडायचं नाही, म्हणून इथेही चाचाच म्हणते. 2024 मध्ये मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्यानंतर त्यांच्याकडे दूरची गिऱ्हाइकं वाढली आणि ती वाद्य आधी ऐकवा म्हणू लागली. मोबाइलवर तानपुरा ऐकवला तर जवारीचं, म्हणजे तार घोडीला हलकेच घासून उठणाऱ्या भरीव गुंजनाचं, काहीच शिल्लक राहत नाही. मग चाचा वाद्य गवसणीत घालून रिक्षाने सांगलीच्या विश्रामबागेत माझ्याकडे आणतात आणि मी ते नीट रेकॉर्ड करून देते.

माझी खोली दहा बाय बाराची. भिंतींना जाड गोधड्या, दाराला रबराची पट्टी. रेकॉर्डिंग सुरू करताना खिडकी बंद, छताचा पंखा बंद, आणि एसी नाहीच. संगणक त्याच खोलीत, कारण पलीकडची खोली सासूबाईंची आहे आणि त्यांची झोप सावध. "संगणक बाहेर ठेव आणि लांब वायर ओढ" हे मला सगळ्यांनी सुचवलं. ज्यांना जमेल त्यांनी तेच करावं, त्याहून स्वस्त उपाय नाही. मला जमत नव्हतं.

गेल्या फेब्रुवारीत चाचांनी काळी एकला लावलेला मर्दानी तानपुरा आणला. चार मिनिटांचं रेकॉर्डिंग झालं. त्यांनी हेडफोन लावून ऐकलं, मग पुन्हा ऐकलं, आणि म्हणाले, "ताई, जोडीच्या तारा उतरल्यात का?" तानपुरा हातात घेऊन छेडून पाहिला. जोडी म्हणजे मधल्या दोन, एकाच षड्जाला लावलेल्या तारा. त्या जागेवर होत्या. पुन्हा रेकॉर्डिंग ऐकलं, तर तार छेडल्यानंतर नाद विझत जातो त्या टोकाला एक हेलकावा येत होता. पाच सेकंदांत सातेक लहरी. तारा किंचित बेसूर असल्या की जशा येतात, अगदी तशाच.

ते गेल्यावर मी नुसत्या रिकाम्या खोलीचं रेकॉर्डिंग केलं आणि त्याचा आलेख पडद्यावर उघडला. 140 हर्ट्झवर एक बारीक, सरळ रेघ. काळी एकचा मधला षड्ज, म्हणजे जोडीच्या तारांचा सूर, साधारण 138.6 हर्ट्झ. फरक 1.4 हर्ट्झचा, म्हणजे पाच सेकंदांत सात लहरी. संगणकाचा मागचा पंखा त्या दिवशी मिनिटाला 1200 फेरे घेत होता, म्हणजे सेकंदाला 20. त्याला पाती सात. वीस सत्ते एकशे चाळीस. माझा संगणक जोडीच्या तारेच्या शेजारी बसून पाचवी तार वाजवत होता.

आवाज नंतर सॉफ्टवेअरने काढता येतो, हे खरं. पण इथे काढायचा सूर आणि ठेवायचा सूर यांत दीड हर्ट्झचंसुद्धा अंतर नाही. पंख्याची रेघ कापायला गेले की जोडीचा जीव जातो. दोनदा करून पाहिलं. तानपुरा पत्र्याच्या डब्यासारखा वाजला. चाचांच्या तीन महिन्यांच्या कामाशी असं वागायचं नाही, हे मी तेव्हाच ठरवलं.

पंखा हळू केला तर? केला. पण आमची सांगली. मार्चपासूनच बंद खोलीत 35-36 अंश, आणि प्रोसेसर तापला की पंखा आपोआप चढतो. प्रोसेसर रायझन 7 5800एक्स. डब्यावर 105 वॅट लिहिलेलं असलं तरी जोर लागला की तो 142 वॅटपर्यंत वीज घेतो. बायोसमध्ये, म्हणजे संगणकाच्या मुळातल्या सेटिंगमध्ये, जाऊन मी त्याला कमी विजेच्या इको मोडमध्ये टाकलं, म्हणजे वरची मर्यादा 88 वॅटवर आली. वेगात जो फरक पडला तो मला माझ्या कामात जाणवलासुद्धा नाही. एक पैसा न खर्चता झालेला हा फायदा. संगणक पाण्याने थंड ठेवायचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने आधी हे करून पाहावं. नुसता प्रोसेसरच गप्प करायचा असेल तर मोठा टॉवर कूलर आणि दोन संथ पंखे पुरतात, पाण्याची गरजच नाही. माझी अडचण होती ती 220 वॅटच्या ग्राफिक्स कार्डाची. वाद्यांचे व्हिडिओ मी त्याच संगणकावर करते, आणि त्या कार्डाचे छोटे पंखे सगळ्यांत कर्कश.

माझा भाचा वालचंद कॉलेजात इंजिनिअरिंग शिकतो. तो म्हणाला, "मावशी, वॉटर कूलिंग कर." सासूबाईंनी ते ऐकलं आणि हातातली भाजी खाली ठेवली. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांच्या पुढे गेली. धोक्याची पातळी 45 फुटांची. तेव्हा आम्ही गावभागात राहत होतो. माझा पहिला संगणक त्या पाण्यात गेला, त्यातल्या रेकॉर्डिंगसकट. "पाणी बाहेर कसं राहील हे बघायचं सोडून तू ते आत घेतेस?" असं त्या म्हणाल्या, आणि त्यांचं काही चुकत नव्हतं. भाच्याने त्यांना समजावलं की पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेत परम ब्रह्म नावाचा महासंगणक आहे, तोही पाण्यावरच थंड ठेवतात. त्यांचं समाधान झालं नाही, पण त्यांनी भाजी पुन्हा निवडायला घेतली.

पहिला प्रयत्न तयार किटचा. पंप, नळ्या आणि पाण्यातली उष्णता हवेत सोडणारी जाळी म्हणजे रेडिएटर, सगळं बंदिस्त, पाणी आधीच भरलेलं. ते एका दुकानातून बसवून घेतलं. त्यांनी रेडिएटर कॅबिनेटच्या तळाला लावला, त्यामुळे प्रोसेसरवरचा पंप सगळ्यांत उंच जागी आला. अशा बंद किटमध्येसुद्धा थोडी हवा असतेच, आणि हवा वरच जाणार. ती पंपात जाऊन बसली आणि घशात पाणी अडकल्यासारखा गुळगुळ आवाज सुरू झाला. मी घरी उघडून रेडिएटर वर लावला, गुळगुळ थांबली. पण पंपाची बारीक शिट्टी राहिली, आणि ग्राफिक्स कार्डाचे पंखे होते तसेच होते. ते किट भाच्याला दिलं.

मग सुटे भाग घेऊन आपणच बांधायचं ठरलं. त्याआधी आठवडाभर मी फक्त हे समजून घेतलं की पाणी नेमकं करतं काय. पाणी उष्णता नाहीशी करत नाही. ती शेवटी खोलीतच यायची असते. एवढंच की, तेवढ्याच आकारमानाच्या हवेपेक्षा पाण्यात साडेतीन हजार पटींच्या आसपास उष्णता मावते. त्यामुळे नखाएवढ्या चिपमधली उष्णता उचलून ती हातभर लांब रेडिएटरवर पसरता येते. पृष्ठभाग मोठा झाला की पंखे पळायची गरज उरत नाही. आणि पंख्याचा वेग निम्मा केला तर आवाज साधारण 15 डेसिबलने उतरतो. शांतता मिळते ती त्या संथ पंख्यामुळे. पाणी त्याला संथ राहू देतं.

भाग मागवले ते असे: तीन पंख्यांचा एक आणि दोन पंख्यांचा एक असे दोन रेडिएटर, डी5 जातीचा पंप, प्रोसेसर आणि कार्ड यांच्या चिपवर बसणारे, आतून पाणी वाहणारे तांब्याचे ब्लॉक, आणि मुद्दाम मोठी टाकी. सगळ्या जोडणीत मिळून एक लिटरभर पाणी बसतं. नऊ पात्यांचे पाच पंखे. सगळं मिळून 45 हजारांच्या आसपास गेले, दोन महिन्यांची कमाई. रेडिएटर तांब्या-पितळेचेच घेतले. ॲल्युमिनियमचे स्वस्त मिळतात, पण एकाच पाण्यात तांबं आणि ॲल्युमिनियम आले की ॲल्युमिनियम हळूहळू खाल्लं जातं. नळ्या काळ्या ईपीडीएम रबराच्या. पारदर्शक नळ्या दिसतात छान, पण काही महिन्यांत गढूळ होतात, त्यांतला मऊपणा आणणारा पदार्थ पाण्यात उतरतो आणि ब्लॉकच्या बारीक खाचांत जाऊन बसतो.

पाण्याबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण आपल्याकडे इथेच चूक होते. आमच्या बोअरचं पाणी बादलीत चार दिवस ठेवलं की कडेला पांढरा थर धरतो. तो थर ब्लॉकच्या केसाएवढ्या खाचांत धरला तर सगळं संपलं. आरओचं पाणीसुद्धा नको. डिस्टिल्ड वॉटर लागतं आणि त्यात गंज आणि शेवाळ रोखणारं तयार द्रावण. इन्व्हर्टरच्या बॅटरीचं पाणी चालेल का, असं पुष्कळ जण विचारतात. त्या दुकानांत बॅटरीत घालायचं ॲसिडही तशाच कॅनमधून मिळतं. लेबल वाचल्याशिवाय कॅनला हात लावू नका.

जोडणीचा दिवस रविवार. ग्राफिक्स कार्ड उघडताना माझा हात खरंच कापत होता, कारण पहिला स्क्रू काढला की वॉरंटी गेली. मूळ पंखे आणि हीटसिंक काढल्यावर खाली चिप दिसली, आरशासारखी. भोवती मेमरीचे चौकोनी तुकडे, त्यांवर राखाडी रंगाच्या मऊ पट्ट्या. या थर्मल पॅडच्या जाडीवर सगळं अवलंबून. पॅड अर्धा मिलिमीटर जास्त जाड झाला तर ब्लॉक चिपला टेकत नाही, पातळ झाला तर मेमरी तशीच तापते. आम्ही ब्लॉकसोबतच्या चित्रात पाहून एकेक पट्टी कात्रीने कापली, जागेवर ठेवली, ब्लॉक बसवला, परत उचलला आणि प्रत्येक पट्टीवर दाब उमटलाय का ते बॅटरीच्या उजेडात पाहिलं. मग चिपवर ताजी पेस्ट लावून कायमचं घट्ट केलं. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे करत. एकच बाजू आधी आवळायची नाही.

पाणी भरताना मदरबोर्डला वीज द्यायची नसते. एसएमपीएसच्या, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, 24 पिनांच्या मोठ्या जोडणीत हिरवी वायर आणि शेजारची काळी वायर एका यू पिनने जोडली की एसएमपीएस एकटा चालू होतो आणि त्यावर फक्त पंप चालवता येतो. प्रत्येक सांध्याखाली टिश्यू पेपर. टाकीत पाणी ओतायचं, पंप पाच सेकंद चालवायचा, थांबवायचा, परत ओतायचं. हवा निघावी म्हणून भाचा आणि मी दोन्ही बाजूंनी कॅबिनेट धरून पाळणा हलवावा तसं डोलवत होतो. रेडिएटरमधून बुडबुड्यांची माळ यायची आणि टाकीत फुटायची.

तीन तासांनी कार्डाखालच्या टिश्यूवर रुपयाएवढा ओला डाग. सासूबाई दारातच उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, आत जाऊन टॉवेल घेऊन आल्या. मी सर्वांत खाली निचऱ्याची तोटी बसवली नव्हती, त्यामुळे सगळं पाणी नळी उपसून काढावं लागलं. गुडघ्यांवर बसून, अर्धा तास. ज्यांना हे करायचं आहे त्यांनी ती तोटी विसरू नये. फिटिंग उघडलं तर ओ-रिंगखाली, म्हणजे सांधा बंद करणाऱ्या रबरी कडीखाली, एक लांब केस अडकला होता, माझाच. केस काढला, रिंग पुसली, परत बसवलं, परत भरलं. आता पूर्ण 24 तास नुसता पंप. रात्री मी तीनदा उठून टिश्यू चाचपले. कोरडे होते. सकाळी सासूबाईंनी विचारायच्या आधीच मी सांगितलं.

सोमवारी संध्याकाळी संगणक सुरू केला. पंखे 500 फेऱ्यांवर, कानाला लागतच नव्हते. पण एक गुणगुण होती. खालच्या सुरातली, पूर्ण खोलीत पसरलेली, कुठून येते ते कळेना. मला वाटलं पंप खराब निघाला. दोन दिवस मी फार खिन्न होते. एवढा खर्च करून एका आवाजाच्या जागी दुसरा आवाज आणला होता.

चाचा त्या आठवड्यात दुसरं वाद्य घेऊन आले. मी त्यांना काहीच सांगितलं नाही. ते आत आले, थांबले, मग कॅबिनेटकडे न जाता माझ्या सागवानी टेबलाकडे गेले आणि तळवा पालथा करून त्यावर ठेवला. मग वाकून कान लावला. "ताई, यंत्र नाही वाजत. टेबल वाजतंय." मला म्हणाले, पंप उचल. मी कॅबिनेटमध्ये हात घालून, स्क्रू काढून, नळ्यांसकट पंप बोटांवर अधांतरी धरला. गुणगुण नाहीशी झाली. परत टेकवला, परत आली. "तार एकटी कुठं ऐकू येते? खाली तबली असते म्हणून येते. तू याला तबली दिलीस."

खरोखर तसंच होतं. पंपाची थरथर पत्र्यात, पत्र्यातून टेबलात, आणि चार फूट सागाची फळी भोपळ्यावरच्या लाकडी तबलीसारखी ती मोठी करून खोलीत सोडत होती. मी पंपही पूर्ण जोरात ठेवला होता. डी5 ला मागे 1 ते 5 आकड्यांची चकती असते, 1800 पासून 4800 फेऱ्यांपर्यंत. पाचवर म्हणजे सेकंदाला 80 फेरे. इतका जोर लागतच नाही. मिनिटाला एक लिटर पाणी जरी फिरलं तरी ते 70 वॅट उष्णता उचलून फक्त एक अंश तापतं. चकती 2 वर आणली, तर प्रोसेसरच्या तापमानात एका अंशाचा फरक पडला.

मग पंप टांगला. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या चार पट्ट्या कापल्या आणि पंप त्या पट्ट्यांच्या झोळीत ठेवला, खाली बोटभर जाड मऊ फोम, कुठेही पत्र्याला स्पर्श नाही. नळ्यांना मुद्दाम लांब वळण दिलं, कारण ताठ नळीतूनही थरथर जाते. कॅबिनेट टेबलावरून काढून जमिनीवर, खाली काथ्याची पायपुसणी दुमडून. या सगळ्याला 100 रुपयेही लागले नाहीत, आणि 45 हजारांनी जे दिलं नव्हतं ते यांनी दिलं.

त्यानंतरचे पंधरा दिवस विचित्र गेले. एक आवाज गेला की त्याच्यामागचा पुढे यायचा. आधी हार्ड डिस्क, तिची करकर मला सहा वर्षांत कधी ऐकू आली नव्हती. ती काढून एसएसडी घातली आणि जुनं रेकॉर्डिंग बाहेरच्या डिस्कवर ठेवलं. मग कार्डातली बारीक किणकिण, जोर लागला की येणारी. ती विजेच्या कॉइलची, पाण्याने जात नाही, पण रेकॉर्डिंगच्या वेळी कार्डावर जोर नसतो म्हणून सोडून दिली. मग भिंतीवरचं घड्याळ. मग स्वयंपाकघरातला फ्रिज. आता मला मिरज रोडवरच्या कोणत्या गाडीने गिअर बदलला तेही कळतं.

पंख्यांबाबत एक गोष्ट मला उशिरा समजली, आणि तीच सर्वांत उपयोगी ठरली. पंख्याचा वेग प्रोसेसरच्या तापमानाला बांधलेला असतो. प्रोसेसर एखादी फाइल उघडली तरी क्षणात पंधरा अंश वर जातो, क्षणात खाली येतो, आणि पंखा मागे धावतो. कानाला त्रास होतो तो या चढ-उताराचा. पाणी मात्र घाई करत नाही. म्हणून नळीत एक तापमापक बसवला आणि पंखे पाण्याच्या तापमानाला बांधले. व्हिडिओच्या कामाला पूर्ण जोर लावला तरी पंखे दहा मिनिटं घेऊन हळूहळू चढतात, कधी चढले ते कळत नाही.

मग मी हिशेब केला. एक लिटर पाणी एक अंश तापवायला 4186 जूल लागतात. रेकॉर्डिंग चालू असताना प्रोसेसर आणि कार्ड मिळून साधारण 70 वॅट उष्णता सोडतात. म्हणजे एकाही पंख्याची मदत न घेता पाणी मिनिटाला एक अंश चढणार. तानपुऱ्याचं रेकॉर्डिंग पाच मिनिटांचं. पाच अंश! एवढ्याने कुणाचंही काही बिघडत नाही. मी कीबोर्डवर एक बटण ठरवून दिलं: दाबलं की पाचही पंखे थांबतात, पाणी 50 अंशांवर गेलं तर आपोआप सुरू होतात. पंपाला 60 अंशांची मर्यादा असते, तिच्यापासून पुरेसं लांब. एसएमपीएसचा पंखा कमी भारावर थांबलेलाच असतो.

एप्रिलमध्ये कसोटी लागली. दुपारी तीन वाजता बंद खोलीत 38 अंश, पाणी 42. पाणी खोलीपेक्षा गार कधीच होत नाही, हे आमच्या उन्हाळ्यात लक्षात ठेवावं लागतं. चाचा तोच काळी एकचा तानपुरा पुन्हा घेऊन आले. गिऱ्हाइकाने तो अजून नेला नव्हता. घाम पुसत त्यांनी मणी सरकवले, तारा जुळवल्या. मी बटण दाबलं. पाच मिनिटांनी पाणी 46 वर होतं, आणि आलेखात 140 वर रेघ नव्हती. तिथे फक्त जोडीच्या तारांचा स्वतःचा पट्टा होता, रुंद, हळूहळू फिका होत जाणारा.

चाचांनी हेडफोन लावले. डोळे मिटून पूर्ण ऐकलं, शेवटच्या नादानंतरची शांतताही ऐकली. मग मला म्हणाले, "जोडी बरोबर आहे. खर्जाची जवारी अजून बंद आहे. मागच्या वेळी मला हे ऐकूच आलं नव्हतं." त्यांनी खिशातून दोऱ्याची गुंडी काढली, खर्जाच्या तारेखालचं सूत बदललं, घोडीवर केसभर मागे सरकवलं, छेडलं, पुन्हा सरकवलं. मी पंखे सुरू करून पाणी खाली येऊ दिलं. वीस मिनिटांनी त्यांनी मान हलवली आणि मी पुन्हा बटणावर बोट ठेवलं.